सिगारेट, व्हेप, हुक्का आणि तरुण फुप्फुसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा-कॉलेजच्या वयातली मुलंमुली आणि त्यांचे आईवडील जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलेत. काही उत्तरं लांबलीत, काही दोन ओळीत संपलीत, कारण प्रश्नात तेवढंच होतं. उगाच घाबरवायचं नाहीये, पण साखर लावूनही काही सांगितलेलं नाही.

मी १७ वर्षांचा आहे. कॅन्सर वगैरे साठीनंतर होतो, तोपर्यंत सोडून देईन की. मग आत्ता काय फरक पडतो?

कॅन्सर बहुतेकदा बऱ्याच वर्षांनी होतो हे खरंय. पण १७व्या वर्षी फुप्फुसांचं वेगळंच काम चालू असतं, ती अजून वाढतायत. उंची वाढायची थांबली तरी फुप्फुसांची क्षमता वाढत राहते, मुलींमध्ये साधारण विशीपर्यंत आणि मुलांमध्ये त्यापुढेही दोन-चार वर्षं, मग काही काळ ती एका पातळीवर टिकते आणि नंतर हळूहळू उतरायला लागते, कधीच न ओढणाऱ्या माणसाचीसुद्धा, वर्षाला साधारण २० ते ३० मिली. म्हणजे विशीत जेवढी क्षमता कमावली तेवढ्यावरच पुढची पन्नास-साठ वर्षं काढायची असतात.

ही क्षमता मोजायचा एक साधा आकडा आहे, एफईव्ही-वन. छातीभर श्वास घ्यायचा, मशीनच्या नळीत जीव खाऊन फुंकायचं आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते बघायचं, बस. अमेरिकेतल्या सहा शहरांत १० ते १८ वयाच्या सुमारे दहा हजार मुलामुलींची ही टेस्ट वर्षानुवर्षं केली आणि १९९६ साली त्याचे निकाल छापून आले. दिवसाला पाच किंवा जास्त सिगारेटी ओढणाऱ्या मुलींमध्ये हा आकडा वाढायचा वेग कधीच न ओढणाऱ्या मुलींपेक्षा वर्षाला १.०९ टक्के कमी होता, मुलांमध्ये ०.२ टक्के. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण वाढीची वर्षंच मोजकी असतात आणि त्यातल्या प्रत्येक वर्षी हे होतंय. मुलींना जास्त फटका बसला ही गोष्ट तर फारच कमी लोकांना माहितीये.

वर आणखी एक भानगड. १९७७ साली फ्लेचर आणि पेटो या दोन ब्रिटिश संशोधकांनी दाखवलं की धुराचा त्रास ज्यांना पटकन होतो त्यांची फुप्फुसं नंतर उतरतात पण जास्त वेगाने. म्हणजे लवकर सुरू करणाऱ्याचं दोन्हीकडून नुकसान, वर पोचला तो कमी उंचीपर्यंत आणि खाली येतोय तो जास्त जोरात. सोडल्यावर उताराचा वेग बराच ताळ्यावर येतो, पण जी वाढ झालीच नाही ती मात्र नंतर सगळी भरून निघत नाही. म्हणून "नंतर सोडेन" हा हिशोब १७व्या वर्षी जेवढा महाग पडतो तेवढा ४०व्या वर्षीही पडत नाही असं माझं मत आहे.

मला तर काहीच होत नाही. खेळतो, पळतो, दम लागत नाही. म्हणजे माझी फुप्फुसं स्ट्राँग आहेत ना?

स्ट्राँग नाही, तरुण आहेत. फुप्फुसात गरजेपेक्षा कितीतरी जास्त क्षमता असते, हवेच्या बारीक पिशव्याच ३० ते ५० कोटी असतात, त्यामुळे थोडंफार बिघडलं तरी रोजच्या वागण्यात जाणवत नाही. आणि धुराने सगळ्यात आधी बिघडतात त्या दोन मिलीमीटरपेक्षा बारीक असलेल्या श्वासनळ्या, त्यांचा बिघाड साध्या टेस्टमध्येही उशिरापर्यंत दिसत नाही.

१९७४ साली अमेरिकेत काही डॉक्टरांनी अचानक मरण पावलेल्या तरुणांची फुप्फुसं तपासली, पंचविशीच्या आसपासचे लोक, फुप्फुसाच्या आजाराने गेलेले नव्हतेच. ओढणाऱ्यांच्या बारीक नळ्यांत सूज आणि धुराचे कण गिळून तपकिरी झालेल्या पेशी सापडल्या, त्याच वयाच्या न ओढणाऱ्यांमध्ये हा बदल फारच कमी. यातल्या कुणाला जिवंतपणी धाप लागत असेल असं वाटत नाही. तेव्हा "मला काही होत नाही" याचा अर्थ एवढाच की अजून कळत नाहीये.

दिवसाला एक-दोनच ओढतो, किंवा फक्त पार्टीत. त्याने काय होतंय?

वाटतं तेवढं कमी नुकसान होत नाही. हृदयाच्या बाबतीत हे नीट मोजलं गेलंय, २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या साधारण निम्मा निघाला. विसाव्या हिश्श्याने धोका असेल असं आपल्याला वाटतं, निघतो निम्मा! फुप्फुसांचं गणित थोडं वेगळं आहे, तिथे किती ओढली आणि किती वर्षं ओढली याला जास्त वजन आहे, पण "फक्त पार्टीत" वाल्यांचा मोठा प्रॉब्लेम वेगळाच असतो. तो असा की पार्ट्या वाढतात.

नुसतं एकदा ट्राय करून बघितलं तर लगेच व्यसन लागतं का?

लगेच लागतं असं नाही, पण शक्यता बऱ्यापैकी मोठी आहे. बऱ्याच मोठमोठ्या सर्व्हेंचे आकडे एकत्र केल्यावर असं दिसलं की ज्यांनी पहिली सिगारेट ओढून बघितली त्यातले साधारण दोन-तृतीयांश लोक पुढे निदान काही काळ तरी रोज ओढणारे झाले. एकदाच म्हणून हातात घेतली आणि तिथेच थांबलो, असं होणारे कमीच.

दुसरा आकडा अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याच्या, २०१२च्या रिपोर्टमधला. रोज सिगारेट ओढणाऱ्या मोठ्या माणसांपैकी ८८ टक्के लोकांनी पहिली सिगारेट १८ वर्षांच्या आत ओढली होती आणि ९९ टक्के लोकांनी २६च्या आत. म्हणजे २६ पर्यंत हात लावला नाही तर पुढे लागायची भीती जवळजवळ संपते. तंबाखू विकणाऱ्यांना हे आपल्याआधीपासून माहितीये, फ्लेवर आणि रंगीत पॅकिंग पन्नाशीच्या माणसासाठी कोण बनवतं?

पण एवढ्या लवकर सवय कशी काय लागते?

झुरका मारला की निकोटीन फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत १० ते २० सेकंदात पोचतं, इंजेक्शनपेक्षाही लवकर. तिथे डोपामाइन नावाचं, मजा वाटायला लावणारं रसायन सुटतं, बरं वाटतं, मग दोनेक तासात रक्तातलं निकोटीन निम्म्यावर येतं आणि मेंदू परत मागायला लागतो. हे कुठल्याही वयात होतं, पण मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते, त्यातही मोह आवरायचं काम करणारा पुढचा भाग सगळ्यात शेवटी तयार होतो. ब्रेक बसवायचं काम चालू असतानाच अॅक्सिलरेटरवर पाय पडतो. काही मुलांमध्ये तर रोज ओढायला लागायच्याही आधी, अधूनमधून ओढण्याच्या पहिल्या काही आठवड्यांतच तलफेची लक्षणं दिसलीयेत, म्हणजे चिडचिड होणं, लक्ष न लागणं, सिगारेट कधी मिळेल याचाच विचार डोक्यात घोळत राहणं.

व्हेपमध्ये नुसती वाफ असते ना? सिगारेटपेक्षा सेफच आहे की.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याला हो किंवा नाही असं उत्तर देणारा माणूस अर्धंच सांगतोय.

आधी "वाफ" बघू. ती पाण्याची वाफ नसतेच. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि फ्लेवरची केमिकल्स गरम तारेवर तापवून बनवलेला तो बारीक थेंबांचा फवारा असतो. तापवताना फॉर्मल्डिहाइडसारखे पदार्थ तयार होतात आणि तारेतून निकेल, क्रोमियम, शिसं अशा धातूंचे कणही त्यात उतरतात. तरीही सिगारेटच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात आणि त्यातली ७०च्या आसपास कॅन्सर करणारी असतात, व्हेपमध्ये जळणं नसल्याने यातली बरीचशी नसतात किंवा खूप कमी असतात. वर्षानुवर्षं सिगारेट ओढणारा मोठा माणूस ती पूर्ण सोडून व्हेपवर गेला तर त्याच्या शरीरात जाणारं विष कमी होतं, आणि निकोटीन असलेल्या व्हेपमुळे काही मोठ्यांना सिगारेट सोडायला मदत होते याचा चांगला पुरावा आहे. हे लपवून उपयोग नाही, मुलं नेटवर वाचतातच आणि मग आपल्या बाकीच्या बोलण्यावरचाही त्यांचा विश्वास उडतो.

आता दुसरी बाजू. १६ वर्षांच्या ज्या पोरीने कधी सिगारेट ओढलीच नाही तिच्यासाठी तुलना सिगारेटशी नाहीच, तुलना आहे साध्या हवेशी, आणि हवेपुढे व्हेप कधीच जिंकत नाही. कॅलिफोर्नियातल्या किशोरवयीन मुलांच्या एका अभ्यासात व्हेप करणाऱ्यांमध्ये जुनाट खोकला आणि कफाच्या तक्रारी न करणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाल्या. आता यातली काही मुलं सिगारेटही ओढायची, तो हिशोब वजा केल्यावर फरक कमी झाला, पण काळजी करण्यासारखं काहीच नाही असं कुणी म्हणू नये. व्हेप करणारी मुलं पुढे सिगारेटकडे वळायची शक्यताही जास्त असते, त्यात त्या मुलांचा मूळ स्वभाव किती आणि व्हेपचा वाटा किती यावर तज्ज्ञ अजून भांडतायत.

आणि निकोटीनचं काय? पूर्वीच्या व्हेपमध्ये जास्त निकोटीन घातलं की घसा जळायचा, त्यामुळे आपोआपच मर्यादा पडायची. मग निकोटीन सॉल्ट आले, म्हणजे निकोटीनमध्ये बेंझोइक अॅसिडसारखं आम्ल मिसळायचं, घशाला काही लागत नाही आणि डोस मात्र दणदणीत. अमेरिकेत गाजलेल्या जूल या व्हेपच्या ब्रँडच्या पॉडमध्ये, म्हणजे लिक्विडच्या छोट्या डबीत, एका मिलीला ५९ मिलीग्रॅमच्या आसपास निकोटीन होतं, युरोपियन युनियनमध्ये कायद्याची मर्यादा २० आहे. सिगारेट निदान विझते तरी, व्हेप उशाशी असतं आणि झोपेतून उठल्या उठल्या पहिला कश मारला जातो.

व्हेपने लोक मेले होते ते खरं का?

खरं. २०१९ साली अमेरिकेत तरुण मुलं अचानक धाप, खोकला, ताप, उलट्या घेऊन हॉस्पिटलात यायला लागली, काहींना थेट व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. या आजाराला इव्हाली नाव पडलं. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ केसेस आणि ६८ मृत्यू नोंदले गेले, पेशंटचं मधलं वय होतं २४. मुख्य संशय निघाला व्हिटॅमिन ई अॅसिटेटवर, हा तेलकट पदार्थ टीएचसीच्या, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाच्या, बहुतेक अनधिकृत ठिकाणाहून घेतलेल्या व्हेपच्या काडतुसांमध्ये (लिक्विडच्या नळकांड्यांमध्ये) भेसळ म्हणून घातला जात होता. म्हणजे प्रत्येक व्हेपमुळे इव्हाली होतो असं नाही, पण मित्राच्या मित्राकडून आलेल्या काडतुसात काय भरलंय ते मित्रालाही माहिती नसतं.

आणि ते पॉपकॉर्न लंग?

डायअॅसिटिल नावाच्या बटर फ्लेवरमुळे अमेरिकेतल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांच्या बारीक श्वासनळ्या कायमच्या आक्रसल्या होत्या, त्यावरून हे नाव. काही व्हेप लिक्विडमध्ये तेच केमिकल सापडलं म्हणून चर्चा सुरू झाली. व्हेपमुळे असे पेशंट ढिगाने सापडलेत असं मात्र नाही, त्यामुळे भीतीचं हे एकच कार्ड खेळू नका.

निकोटीन नसलेलं व्हेप चालेल का?

"झिरो" लिहिलेल्या लिक्विडमध्येही निकोटीन सापडलेलं आहे. आणि निकोटीन खरंच नसलं तरी फ्लेवर असतातच. खायला सेफ असलेला पदार्थ श्वासातून आत घ्यायलाही सेफ असतो असं नाही, पोटाला चालतं ते फुप्फुसाला चालेलच असं कुणी तपासलेलं नसतं. दालचिनीच्या फ्लेवरमधल्या सिनॅमाल्डिहाइडने श्वासनळीतल्या बारीक केसांची हालचाल मंदावते हे प्रयोगशाळेत दिसलंय.

हुक्क्यात धूर पाण्यातून येतो, फिल्टर होतो ना?

नाही. पाण्याने धूर गार होतो, एवढंच. गार झाल्यामुळे खोल आणि लांब ओढला जातो, हा उलट तोटाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार तासाभराच्या एका बैठकीत आत जाणाऱ्या धुराचं आकारमान एका सिगारेटच्या १०० ते २०० पट असू शकतं. शिवाय वर कोळसा जळत असतो, त्याचा कार्बन मोनॉक्साइड वेगळा, हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. हुक्का ओढून डोकं जड होणं, गरगरणं, मळमळणं याला बरेच जण "किक" समजतात, खरं तर बऱ्याचदा ती ऑक्सिजन कमी पडल्याची खूण असते. बंद खोलीत बसून ओढणाऱ्यांना यामुळे चक्कर येऊन हॉस्पिटलात न्यावं लागलंय. आणि एकच पाइप तोंडातोंडी फिरत असेल तर इन्फेक्शन फुकटात.

लाइट, मेंथॉल, फिल्टरवाली... यातली कमी वाईट कुठली?

कुठलीच नाही. लाइट सिगारेटच्या फिल्टरला बारीक भोकं असतात, मशीनने ओढली की त्यातून हवा मिसळते आणि आकडा कमी येतो, पण माणसाची बोटं आणि ओठ ती भोकं बुजवतात आणि निकोटीन कमी मिळालं की माणूस आपोआप जास्त जोरात ओढतो. मेंथॉल आणखी धूर्त. त्याने घशातल्या थंडी जाणवणाऱ्या नसा चेतवल्या जातात, गार वाटतं, ठसका कमी लागतो, म्हणजे पहिल्याच झुरक्याला शरीर जो निषेध करतं तोच दाबून टाकला जातो. नवशिक्यांना मेंथॉल आवडतं ते यामुळेच. युरोपियन युनियनने मे २०२० पासून मेंथॉल सिगारेटींवर बंदी घातली, कॅनडाने त्याआधीच.

मला दमा आहे, पंप घेतो. अधूनमधून ओढली तर पंपाने कव्हर होईल ना?

नाही होणार, उलट धूर पंपाचंच काम बिघडवतो. दम्यात रोज घ्यायचा जो स्टेरॉइडचा पंप असतो त्याचा परिणाम ओढणाऱ्यांमध्ये कमी होतो, त्यामुळे औषध चालू असूनही अटॅक येत राहतात, डॉक्टर डोस वाढवतात आणि पेशंट घरी सांगत नाही की आपण ओढतो. आईवडील समोर आहेत म्हणून सांगता येत नसेल तर डॉक्टरांना दोन मिनिटं एकटं बोलायचंय म्हणून सांगा, बहुतेक डॉक्टर समजून घेतात. व्हेपचंही तेच, दमा असलेल्याच्या श्वासनळ्या आधीच चिडक्या असतात.

मला सारखी सर्दी-खोकला होतो. याचा सिगारेटशी संबंध असेल?

असू शकतो. श्वासनळीच्या आतल्या बाजूला अतिशय बारीक केस असतात, ते सतत हलत राहून कफ, धूळ आणि जंतू वर घशाकडे ढकलतात. धुराने ते आधी मंदावतात, मग झडायला लागतात, कफ खालीच साचतो आणि मग तो बाहेर काढायला एकच रस्ता उरतो, खोकला. सकाळी उठल्यावर बेडका पडतो तो त्यातलाच.

तरुणांमधलं एक जुनं उदाहरण आहे. १९७८ साली इस्रायलच्या सैन्याच्या एका तुकडीत फ्लूची साथ आली, सगळे धडधाकट तरुण, राहणं-खाणं सारखंच. ओढणाऱ्यांपैकी ६८.५ टक्के आजारी पडले आणि न ओढणाऱ्यांपैकी ४७.२ टक्के, वर ओढणाऱ्यांचा आजारही जास्त जोराचा होता. टीबीचंही असंच आहे, धूम्रपानाने तो व्हायचा धोका लक्षणीय वाढतो.

कुठली लक्षणं दिसली तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टरकडे जायचं?

अचानक छातीत एका बाजूला कळ आली आणि श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तर लगेच इमर्जन्सीला जा. उंच, सडपातळ तरुण मुलांमध्ये फुप्फुसाला आपोआप छिद्र पडून हवा बाहेर येते आणि फुप्फुस आक्रसतं, याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. हे न ओढणाऱ्यालाही होऊ शकतं पण फरक बघा, ओढणाऱ्या पुरुषांमध्ये आयुष्यात कधीतरी हे व्हायची शक्यता १२ टक्क्यांच्या आसपास सांगितली जाते आणि न ओढणाऱ्यांमध्ये ०.१ टक्का. तरुणपणीच गाठणारा आजार आहे हा, साठीची वाट बघत नाही.

दुसरा असाच एक विचित्र आजार म्हणजे अॅक्यूट इओसिनोफिलिक न्यूमोनिया. नुकतंच ओढायला सुरुवात केलेल्यांना, किंवा सोडून परत सुरू केलेल्यांना तो होतो. काही दिवसांत ताप, खोकला, धाप आणि मग थेट आयसीयू. २००३-०४ मध्ये इराक भागात तैनात अमेरिकन सैनिकांमध्ये असे १८ पेशंट सापडले, अठराच्या अठरा ओढणारे होते आणि त्यातल्या बहुतेकांनी नुकतीच सुरुवात केली होती. दुर्मिळ आहे, पण "मी तर आत्ताच सुरू केलंय, मला काय होणार" म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

याशिवाय खोकल्यातून रक्त, छातीत घरघर, तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला, किंवा आधी सहज चढत होतात तो जिना आता चढवत नसेल तर दाखवून घ्या. आणि डॉक्टरांना काय ओढता ते खरं सांगा, व्हेप आणि गांजासकट. इव्हालीच्या वेळी सुरुवातीला काही पेशंटवर साधा न्यूमोनिया समजूनच उपचार झाले.

मी ओढत नाही, पण ग्रुपमधले सगळे ओढतात.

मग धूर तुमच्याही छातीत जातोच. दुसऱ्याच्या धुराने दरवर्षी जगात दहा लाखांहून जास्त न ओढणारे लोक मरतात, लहान मुलांमध्ये दमा, ब्राँकायटिस, कानाचं इन्फेक्शन वाढतं. खिडकी उघडून किंवा एसी लावून यातून सुटका होत नाही. बाहेर मोकळ्यावर, वाऱ्याच्या बाजूला उभं राहा, आणि खरं सांगायचं तर "मला त्रास होतो रे, जरा तिकडे ओढ" म्हटल्यावर जो तोंड वाकडं करतो त्याच्याशी मैत्री किती घट्ट ठेवायची तेही बघा.

चघळायचा तंबाखू किंवा निकोटीन पाऊच फुप्फुसात जात नाही, मग चालेल?

फुप्फुसात जात नाही हे बरोबर. चघळायचा तंबाखू तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर करतो. पाऊच म्हणजे ओठाखाली ठेवायची छोटी पुडी, तिच्यात तंबाखूचं पान नसतं पण निकोटीन भरपूर असतं, म्हणजे गुलामी तीच, दार वेगळं.

पण सिगारेटने टेन्शन कमी होतं, परीक्षेच्या वेळी तर लागतेच.

जे टेन्शन कमी होतं त्यातलं बरंचसं सिगारेटनेच आणलेलं असतं. दोन तास झाले, निकोटीन उतरलं, चिडचिड सुरू झाली, ओढली, चिडचिड गेली, आणि आपण म्हणतो बघा कसं रिलॅक्स वाटलं. न ओढणाऱ्याला ती चिडचिड मुळात नसतेच. २०१४ साली बरेच अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा सोडलेल्या लोकांमध्ये काही आठवड्यांनंतर चिंता, उदासी आणि ताण, तिन्ही आधीपेक्षा कमी झालेले दिसले. पहिले काही दिवस मात्र वाईट जातात, त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री सोडायचा मुहूर्त काढू नका.

आत्ता सोडलं तर फुप्फुसं परत पहिल्यासारखी होतात का?

बरंचसं भरून येतं आणि तरुणांचं सगळ्यात चांगलं भरून येतं. दिवसभरात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ निघून जातो, काही आठवड्यांपासून काही महिन्यांत ते बारीक केस परत कामाला लागतात, खोकला-कफ कमी होतो, पळताना फरक जाणवतो.

पेशींच्या पातळीवर तर याहून भारी गोष्ट आहे. रोज एक पाकीट वर्षभर ओढलं तर फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी १५०च्या आसपास म्युटेशन्स, म्हणजे डीएनएमधले बिघाड, जमा होतात असा अंदाज आहे. पण २०२० साली असं दिसलं की सोडलेल्या लोकांच्या श्वासनळीत, कधीच न ओढणाऱ्यासारख्या जवळपास निरोगी पेशी परत वाढलेल्या असतात, काहींमध्ये तर ४० टक्क्यांपर्यंत. धुरापासून कशा कोण जाणे वाचलेल्या पेशी उरलेल्यांची जागा घेतात.

ब्रिटिश डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासात आयुष्यभर ओढणारे सरासरी दहा वर्षं लवकर गेले, पण ज्यांनी तिशीच्या सुमारास सोडलं त्यांनी ती जवळपास सगळी वर्षं परत मिळवली, चाळिशीत सोडणाऱ्यांनी नऊ, पन्नाशीत सोडणाऱ्यांनी सहा, साठीत सोडणाऱ्यांनी तीन. आता हे वाचून तिशीपर्यंत ओढायची सूट मिळाली असं समजू नका, कारण हा हिशोब आयुष्याच्या लांबीचा आहे, वाढीच्या वयात राहून गेलेल्या क्षमतेचा त्यात हिशोब नाही.

सोडल्यावर खोकला उलट वाढला, हे काय?

ते केस परत हलायला लागलेत आणि साचलेला कफ वर येतोय. काही आठवडे चालतं. ताप किंवा रक्त असेल तर मात्र दाखवा.

कसं सोडायचं? विल पॉवर नाहीये माझ्यात.

विल पॉवरवर कमी आणि तयारीवर जास्त विसंबून राहा. तलफ पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जोरात असते आणि दोन ते चार आठवड्यांत बरीच ओसरते. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते, तेवढा वेळ काढायचा. फिरून या, पाणी प्या, कुणाला तरी फोन करा, काहीही चालेल, फक्त जागा बदला.

हळूहळू कमी करू की एकदम बंद? मोठ्या माणसांवर हे तपासलंय, तारीख ठरवून एकदम बंद करणाऱ्यांपैकी ४९ टक्के चार आठवड्यांनी टिकून होते, हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी ३९ टक्के. तुम्हाला दुसरी पद्धत जमत असेल तर तीही चालेल, अजिबात न सोडण्यापेक्षा कितीतरी बरी. त्या दिवशी लायटर, पॉड, चार्जर सगळं फेकून द्या, "एक इमर्जन्सीसाठी" ठेवलेलंच घात करतं.

निकोटीनचे पॅच, गम आणि गोळ्या मोठ्यांमध्ये नक्की उपयोगी पडतात. १८च्या आतल्यांसाठी पुरावा कमी आहे, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्या. व्हॅरेनिक्लीन नावाचं औषध आहे, २०२५ साली १६ ते २५ वयाच्या व्हेप करणाऱ्यांवर त्याचा प्रयोग झाला, सोबत समुपदेशनही होतं, आणि उपचाराच्या शेवटच्या महिन्यात औषध घेणारे ५१ टक्के जण व्हेपशिवाय राहिले तर नकली गोळी घेणारे १४ टक्के. पण हे डॉक्टरच्या चिठ्ठीचं औषध आहे, मित्राच्या डब्यातून उचलायचं नाही.

आणि परत ओढली तर? बहुतेकांना एकापेक्षा जास्त वेळा प्रयत्न करावा लागतो. कुठे, कुणाबरोबर, कशामुळे घसरलात ते बघा आणि नवी तारीख ठरवा.

माझ्या मुलाच्या बॅगेत व्हेप सापडलं. आता काय करू?

आधी एक रात्र जाऊ द्या. रागात विचारलं तर खोटंच ऐकायला मिळेल. दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारा की किती दिवसांपासून चालू आहे, सकाळी उठल्या उठल्या लागतं का, नाही मिळालं तर चिडचिड होते का, आत निकोटीन आहे की आणखी काही. उठल्यावर पहिल्या अर्ध्या तासात लागत असेल तर हे नुसतं ट्राय करणं राहिलेलं नाही, तिथे शिक्षेचा उपयोग नाही, डॉक्टरची मदत लागेल. तुम्ही स्वतः ओढत असाल तर हीच वेळ आहे, दोघं एकाच तारखेला सोडा, आणि तुम्हालाही ते किती जड जातंय हे त्याला दिसू द्या.

एखादी टेस्ट करून घेऊ का, सगळं ठीक आहे हे कळायला?

काही त्रास नसेल तर एक्स-रे काढून फारसं काही कळत नाही, आणि नॉर्मल आला की मुलं त्याला परवानगी समजतात. खोकला, धाप, घरघर असेल तर स्पायरोमेट्री, म्हणजे वर सांगितलेली ती फुंकायची टेस्ट, जास्त कामाची. घरच्यांनी चोरून कोटिनिनची टेस्ट करावी का असंही विचारतात. निकोटीनपासून शरीरात बनणारा हा पदार्थ लघवीत साधारण काही दिवस सापडतो, त्यामुळे पकडता येतं हे खरं, पण पॅच किंवा गम चालू असेल तरी ती टेस्ट पॉझिटिव्ह येते, आणि सोडायचा प्रयत्न करणाऱ्या मुलालाच खोटारडा ठरवून बसाल.